कॉटशेजारची खुर्ची

गेली अकरा वर्षं दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी चार वाजता मी इंग्रजीतून आजारी पडतो. केरळातल्या कुरविलंगाडात बाजाराच्या वळणावर खाली माझी बेकरी आहे आणि वर त्रेस्याम्मा टीचरचा क्लास. चार वाजले की मी हातातलं पीठ धुतो, कमरेचं मुंडू झटकतो, जिना चढतो आणि वरच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर आडवा होतो. मग एकेक नर्स येते, माझी चौकशी करते आणि मला चालायला जा, मीठ कमी करा, गोड सोडा असं सांगते. मला साखरेचा आजार खराच आहे, त्यामुळे नाटक फार करावं लागत नाही.

टीचर म्हणजे शाळेतल्या टीचर नव्हेत. तेहतीस वर्षं त्या गावातल्याच हॉस्पिटलात नर्स होत्या. बरोबरीच्या सगळ्या कुवेत, इटली, अमेरिका करून आल्या. ह्यांनी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करण्यात तरुणपण घालवलं आणि परदेश राहून गेला. निवृत्त झाल्या त्या महिन्यातच माझ्याकडे वरची खोली मागायला आल्या. मी म्हटलं, "टीचर, आता पाय पसरून कप्पा-मासे खायचे दिवस. ही कटकट कशाला?" त्या म्हणाल्या, "वर्की, तू किल्ली दे. सल्ला मी देते, ते माझं काम आहे."

बाई काळ्याकुट्ट, बुटक्या, आवाज असा की बेकरीत मागच्या भट्टीपाशी ऐकू यावा. इंग्रजी त्यांचं फार सफाईदार नव्हे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. पण परदेशी जाणाऱ्या नर्सांना जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, त्यात सफाई दुय्यम असते. तिथे एक माणूस पेशंट होऊन समोर बसतो. पाच मिनिटांत त्याला समजावायचं: सिगारेट सोडा, पाणी प्या, व्यायाम करा. ते समजावणं टीचरसारखं या अख्ख्या जिल्ह्यात कुणी शिकवत नाही. हे मी भाडं मिळतं म्हणून बोलत नाही. भाडं त्या वेळेवर देतात आणि पावती मागतात, तो विषय वेगळा.

भिंतीवर त्यांनी खळ लावून चार पुठ्ठे चिकटवलेत. मस्ट, शुड, कुड, माइट. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी त्या छडी घेऊन पुठ्ठ्यांपुढे उभ्या राहतात.

"हे बघा पोरींनो, मस्ट म्हणजे इंजेक्शन. उठसूट टोचायचं नाही. इन्सुलिन चुकवू नका, तापात लेकराला घेऊन या, अशा ठिकाणी फक्त. शुड म्हणजे गोळी. दिवसाला दोन-तीन चालतात. आणि कुड, माइट ही पेज. कितीही वाढा, कुणाला बाधत नाही. समोरच्याला वाटलं पाहिजे की निर्णय त्याचा आहे. कळलं?"

सोळाजणी माना डोलावतात आणि दुसऱ्या मिनिटाला कॉटपाशी येऊन मला सटासट इंजेक्शनं टोचतात. केक खायचाच नाही, चाललंच पाहिजे, झोपलंच पाहिजे. एकदा एका पोरीनं असा काही हुकूम सोडला की मी जिना उतरून आधी काउंटरवरचा प्लम केक तोंडात टाकला. टीचर वरून ओरडल्या, "बघा! मस्टचा परिणाम बघा!"

कॉट हॉस्पिटलच्या जुन्या सामानातून आणलेली. आणि कॉट आली म्हणजे शेजारी खुर्ची आलीच. आमच्याकडे पेशंट एकटा दाखल होत नाही. सोबतीला बसणारं माणूस कोण, हे नर्स नावाच्या आधी विचारते. तेव्हा त्या खुर्चीत माझी बायको ग्रेसी बसायची. तिला काम काही नाही. बसायचं, ऐकायचं, आणि घरी गेल्यावर कोणत्या पोरीची साडी कशी होती ते मला सांगायचं.

आता एल्सी सिस्टरचं सांगतो, कारण टीचरची खरी उंची मला तिच्यामुळे कळली.

एल्सी चव्वेचाळीस वर्षांची. त्याच हॉस्पिटलात एकोणीस वर्षं वॉर्ड सांभाळत होती. नवरा रबराच्या झाडांचा चीक काढतो, मुलगी कॉलेजात. तिचा हात असा हलका की सुई टोचलेली कळायची नाही. लोक तिची ड्यूटी विचारून रक्त द्यायला जायचे. आयर्लंडमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या एका नर्सिंग होमनं तिच्यासाठी जागा धरून ठेवल्याचं पत्र पाठवलं होतं, पण मुदत जूनअखेरपर्यंतच. लिहिण्या-वाचण्याचे पेपर तिचे सुटले होते. बोलण्याच्या परीक्षेत मात्र तीनदा नापास. चौथी तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात होती, आणि त्यानंतर ते पत्र रद्दीत जाणार हे तिला पक्कं माहीत होतं. या वयाला पुन्हा कोण बोलावतंय?

तिला पैशांपेक्षा दुसरंच लागलं होतं. एकदा माझ्या काउंटरपाशी चहा पिताना ती टीचरना म्हणाली, "माझ्या हाताखाली शिकलेल्या तेवीसजणी गेल्या. नस कशी शोधायची ते मी शिकवलेल्या! नाताळात मला चॉकलेटं पाठवतात. खाऊन खाऊन दात किडले माझे, टीचर. मला एकदा तिथून कुणाला तरी चॉकलेट पाठवायचंय."

टीचरना त्या वाक्यात स्वतःचंही काहीतरी ऐकू आलं असणार.

गंमत अशी की क्लासमध्ये एल्सीचं काहीच चुकत नसे. चारही पुठ्ठे तिच्या जिभेवर होते. इंजेक्शन कुठे, गोळी कुठे, पेज कुठे, सगळं जागच्या जागी. तरी कोचीला गेली की नापास. निकालात मार्क कळतात, कारण कळत नाही. टीचरनी तिला उच्चार घोकून घेतले, वेग कमी करायला लावला, कुलदैवताला नेल्यासारखी तीनदा मार्त मरियमच्या चर्चमध्ये नेऊन आणली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग मे महिन्यातला तो शनिवार आला. ग्रेसी पाला गावी मावसभावाच्या मुलीच्या लग्नाला गेली होती, म्हणून खुर्ची रिकामी होती. मी कॉटवर. एल्सीचा नंबर आला. तिला कार्ड मिळालं ते माझ्याच रोगाचं: पेशंटला साखर आहे, चालत नाही, पायांची काळजी घेत नाही, समजवा.

एल्सी आली, मला हसून नमस्कार केला, उशी नीट केली, आणि वळून रिकाम्या खुर्चीला सांगायला लागली. यांनी रोज थोडं चालायला हवं. सुरुवातीला दहा मिनिटंसुद्धा चालतील. पाय रोज बघायलाच हवेत. सगळं इंग्रजीत, सगळं बिनचूक, मान हलवून हलवून, खुर्चीच्या पाठीकडे बघत. ज्याचे पाय तो मी बाजूला भाजीच्या टोपलीसारखा पडलेला.

क्लास खदखदायला लागला. निया नावाची एक आगाऊ पोरगी होती, ती म्हणाली, "सिस्टर, खुर्चीला शुगर झालीय का?" मग काय, सोळा तोंडं एकदम फुटली. एल्सीला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिचा चेहरा असा पडला की मलाच कॉटवर पडून राहायची लाज वाटली.

टीचर हसल्या नव्हत्या. छडी टेबलावर ठेवून त्या खुर्चीकडे बघत होत्या.

"झालं हसून?" त्या म्हणाल्या. "आता एकेक जण या. हेच कार्ड. निया, तू पहिली. बघू तुझी खुर्ची बरी होते का."

नियाला काही झालं नाही. ती देवाशीसुद्धा थेट बोलेल अशी पोरगी. पण वॉर्डात पाच-सहा वर्षांवर काढलेल्या ज्या होत्या, त्या सगळ्या, माहीत असूनही, बोलताना हळूच खुर्चीकडे वळत होत्या. सोळातल्या नऊ मी मोजल्या. शेवटी टीचर स्वतः पुढे आल्या. माझ्या कॉटशी वाकल्या, "मिस्टर वर्की, हाउ आर यू टुडे?" म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांचीही मान खुर्चीकडे गेली होती.

त्या तशाच थांबल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या वॉर्डात पेशंटला कोण सांगतं? बायकोला सांगतो, भावाला सांगतो, मुलाला सांगतो. पेशंट बिचारा दमलेला, त्याला कशाला त्रास, असं म्हणत तेहतीस वर्षं मी तेच केलं. आणि क्लास काढला तेव्हा पहिल्याच दिवशी ही खुर्ची मीच इथे मांडली. परीक्षेत त्या खोलीत खुर्ची नसते. तिथे तुम्ही कुणाशी बोलता, भिंतीशी? एल्सी, तीनदा तू नापास नाही झालीस. मी झाले."

आमच्या गावात एकोणसत्तर वर्षांच्या टीचरनं सोळा पोरींपुढे असं बोलणं ही लहान गोष्ट नव्हे. इथे लोकांचं चुकतं तेव्हा ते हवामानाचं चुकतं, सरकारचं चुकतं, गेलाबाजार शेजाऱ्याचं चुकतं. एल्सी रडायला लागली तर टीचर तिच्यावरच खेकसल्या, "रड नंतर. बारा दिवस उरलेत." मग त्यांनी ती खुर्ची उचलली आणि स्वतः जिना उतरून माझ्या बेकरीत आणून टाकली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "सर बाजूला, पेशंट आहेस तू."

त्या रात्री जेवताना मला उमगलं. अकरा वर्षं पोरी मला चाला म्हणून सांगत होत्या, ते मी कुठे ऐकलं होतं? सगळं ग्रेसी ऐकत होती. ती पहाटे चर्चच्या टेकडीला दोन फेऱ्या मारते, साखर तिनं सोडलीय, नऊ किलोंनी उतरलीय, आणि तिला कसलाच आजार नाही! लेकी बोले सुने लागे म्हणतात ते असं. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग? तुमच्याऐवजी मी चालते, हे तुम्हाला सोयीचंच होतं की."

टीचरनी एल्सीला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "इंग्रजी बंद. एक शब्द बोलायचा नाही. रोज अकराला, पाव निघून गिऱ्हाईक पांगलं की वर्कीपाशी जाऊन बस. त्याच्याशी मल्याळममध्ये बोल. ग्रेसी नाही, मी नाही. आणि सांगू नकोस काही. विचार."

"काय विचारू?"

"तो का चालत नाही ते. इतकी वर्षं आपण उपाय वाटतोय, कारण कुणी विचारलंय का?"

पहिले तीन दिवस वाया गेले. एल्सी यायची, पफच्या ट्रेकडे बघून बोलायची. वडीलधाऱ्या पुरुषाच्या डोळ्यांत बघून तुम्ही अमुक का करत नाही असं विचारणं म्हणजे आमच्याकडे भांडण काढणं. मीही उखडून होतो. म्हटलं, "सिस्टर, हा काय पोलीस ठाण्यातला जबाब आहे का?" ती उठून जायची.

चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली, बरणी बाजूला सारली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"वर्कीच्चेट्टा, चालायचं म्हटलं की तुम्हाला नक्की काय नको वाटतं?"

मी म्हटलं, भट्टी सुटत नाही. ती गप्प. म्हटलं, गुडघे दुखतात. ती गप्पच, पण डोळे हलवले नाहीत. आता समोरचं माणूस गप्प बसलं की माझ्यासारख्याला बोलल्याशिवाय राहवत नाही, हा माझा जुना दुर्गुण आहे.

"भीती वाटते," मी म्हटलं. "डावं पाऊल जमिनीला लागलं की नाही, ते मला कळत नाही. वर्ष झालं. पेरुन्नाळच्या सणाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर पडलो तेव्हा लोक म्हणाले, वर्की अच्चायन आज दुपारीच लावून आलाय. मी म्हटलं, बरं झालं, तसंच समजा. ग्रेसीला सांगू नकोस."

एल्सी खाली जमिनीवर बसली आणि माझी चप्पल काढली. टाचेला मागच्या बाजूनं भाजलेलं होतं, रुपयाएवढं, फुटून आत पिवळं पडलेलं. भट्टीपुढे अनवाणी उभा असताना कधीतरी गरम पत्रा लागला असणार. मला पत्ताच नव्हता. मी माझ्याच टाचेकडे परक्याच्या वस्तूसारखा बघत राहिलो.

पुढच्या वीस मिनिटांत तिनं शटर ओढलं, रिक्षा बोलावली, ग्रेसीला फोन केला आणि मला हॉस्पिटलात नेऊन टेबलावर बसवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम बघितली, चेहरा गंभीर केला आणि धावतपळत आलेल्या ग्रेसीकडे वळून सुरुवात केली, "हे बघा, यांना आता..."

"डॉक्टर," एल्सी म्हणाली. आवाज वाढवला नाही, पण अख्खा वॉर्ड थांबला. एकोणीस वर्षांत तिनं डॉक्टरला मध्येच तोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "पाय ह्यांचा आहे. ह्यांना सांगा."

डॉक्टर स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि मला सांगितलं. अजून आठवडा गेला असता तर बोटं, कदाचित पाऊल. रोज रात्री पाय बघा. अनवाणी फिरू नका. ही दोन इंजेक्शनं, टीचरच्या भाषेत, आणि बाकी सगळी पेज. मी बासष्ट वर्षांचा घोडा, मला पहिल्यांदा वाटलं की हा आजार माझ्या मालकीचा आहे. मला रडू आलं, हेही सांगून टाकतो.

टीचरना हे कळलं तेव्हा त्या माझ्या घरी आल्या, बँडेज नीट बांधलंय का ते तपासलं आणि एल्सीला म्हणाल्या, "पास झालीस. आता कोचीला जाऊन नुसता शिक्का मारून घे."

पण शिक्का मिळेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागला होता, ते मला दिसत होतं. परीक्षेच्या दिवशी त्या सकाळपासून तीनदा खाली चहाला आल्या आणि तिन्ही कप तसेच ठेवून गेल्या. एल्सीला कार्ड आलं होतं ते खूप दारू पिणाऱ्या एका ड्रायव्हरचं. तिनं त्याला आधी विचारलं, दिवसात सगळ्यात अवघड वेळ कुठली जाते? समोरचा परीक्षेचा माणूस म्हणे दोन सेकंद आपलं सोंग विसरला. निकाल जूनच्या एकवीस तारखेला लागला. बोलण्यात हवी ती श्रेणी, वर थोडी जास्तच. पत्राच्या मुदतीला नऊ दिवस उरले होते.

मी गिऱ्हाइकांना न विचारता केळ्याची पळंपोरी वाटली. टीचर मात्र वर खोलीत बसून फोन करत होत्या. आधीच्या वर्षांत बोलण्याच्या परीक्षेत अडकून ज्यांनी नाद सोडला होता, त्या सगळ्यांना. "मी त्रेस्याम्मा. तुझी चूक नव्हती, माझी होती. परत ये, फी नाही." एकेकीला हेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात, मी भट्टीपाशी उभा राहून ऐकत होतो. अकराजणी परत आल्या. त्यांतली एक बावन्न वर्षांची होती, तिला सून क्लासला सोडायला यायची.

एल्सी जुलैत गेली. ऑक्टोबरात तिचा रेकॉर्ड केलेला निरोप टीचरच्या फोनवर आला. टीचर फोन घेऊन तशाच खाली बेकरीत आल्या आणि काउंटरवर ठेवून मला ऐकवला.

"टीचर, माझ्याकडे एक आजोबा आहेत, डेक्लन नावाचे. पाणीच प्यायचे नाहीत. सगळ्या सांगून थकल्या. मी विचारलं. म्हणाले, पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं, आणि घंटी वाजवून तुम्हाला बोलवायची लाज वाटते. सहा महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. टीचर, इथे पेशंटपाशी कुणीच नसतं हो. बायको नाही, भाऊ नाही, शेजारी नाही. दिवसचे दिवस कुणी येत नाही."

टीचरनी फोन तोंडापाशी धरला आणि भट्टीपर्यंत जाईल अशा आवाजात उत्तर दिलं, "मग तू बस. ड्यूटी संपली की दहा मिनिटं बस त्यांच्यापाशी."

थोड्या वेळानं उत्तर आलं. मागे कुणीतरी हसत होतं.

"बसतेच, टीचर. आता पाणी पितात. इथल्या मुली विचारतात, हे तुला कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगते. त्यांच्या जिभेवर बसत नाही, पण मी रोज घोकून घेते."

आणि मागून दोन-तीन गोऱ्या पोरींचे आवाज आले, अडखळत, एकेक अक्षर सुटं करून: त्रे-स्या-म्मा.

टीचरनी ते मला तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा मीच मागितलं.